अक्षरं वाढतात

“कुत्र्याच्या नावाआधी ‘चि.’ कोणी टाकते का, बाबा?”

बाबांनी मान वर केली नाही. रुपयाएवढ्या पितळी बिल्ल्यावर त्यांचं मशीन टर्रर्र करत फिरत होतं.

“सहा महिन्याचं पिल्लू आहे म्हणते,” ते म्हणाले. “मंग चिरंजीवच म्हणा लागन ना. का श्रीयुत टाकू?”

गिऱ्हाइकाला ‘चि. ब्रूनो’ भलतंच आवडलं. त्याने बिल्ल्याचा फोटो काढला, बाबांचाही काढला आणि खुशीत निघून गेला. मी कपाळाला हात लावला. दवाखान्यात बारा वाजताचा नंबर होता, सव्वाअकरा होऊन गेले होते आणि हे गृहस्थ पायरीवरून हलायचं नाव घेत नव्हते.

मी प्रीती. तहसील ऑफिसात कारकून आहे, त्यामुळे लोकांना ताटकळत ठेवायची मला सवय आहे, स्वतः ताटकळायची नाही. माझे बाबा, प्रेमानंद, वय शहात्तर, बावन्न वर्षांपासून इतवारीच्या भांडे ओळीत एका दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं टाकतात. आधी छिन्नी-हातोडी होती, ठिपक्याला ठिपका जोडून अक्षर व्हायचं. मग मुठीत धरायचं विजेचं मशीन आलं. जुन्या पितळेवरचं ‘रा. रा.’ वाचत वाचत ते अक्षर शिकले. पुढे स्टील आलं आणि लोक नुसते वेडे झाले. लग्नात कोणी काय दिलं ते लाउडस्पीकरवरून वाचायचे, आणि मामाने दिलेल्या डब्यावर मामाचं नाव भाचीच्या नावापेक्षा मोठं हवं असायचं. मग काच आली, प्लास्टिक आलं, ते काळे न चिकटणारे तवे आले. आता अर्धं शहर जेवण फोनवरून मागवतं आणि डबा फेकून देतं. फेकायच्या डब्यावर नाव कोण टाकणार? म्हणून मग ब्रूनो.

आणि आमच्या घरी? एका चमच्यावर नाव असेल तर शपथ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. विहारातल्या कार्यक्रमाला आमची परात गेली की गेलीच, ओळखायची कशी? माझ्या लग्नात मला दिलेली भांडीसुद्धा कोरी. साऱ्या नागपूरच्या पोरींची नावं टाकणाऱ्या बापाने माझंच टाकलं नाही म्हणून मी तेव्हा रडून घर डोक्यावर घेतलं होतं. “कायले पाहिजे नाव?” एवढंच ते म्हणाले होते.

तर या हिवाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कपातला अर्धा चहा बशीत यायचा. मी म्हटलं, बंद करा. पालथ्या घड्यावर पाणी. दुकानाचा मालक ऋषी तिसऱ्या पिढीतला, स्वभावाने गरीब. त्याने आत एक कॉम्प्युटरवाली लेझर मशीन आणून ठेवली होती, पण बाबांना दुखवायला नको म्हणून तिच्यावर चादर टाकून ठेवली होती. तो म्हणायचा, “काकाजी, तुम्ही फक्त बसा. पंखा आहे, पाणी आहे.” त्यावर बाबा म्हणायचे, “नुसतं बसायले मी काय पुतळा आहे?”

मला भीती एकच होती. एखाद्या दिवशी कोणाच्या तरी भांड्यावर अक्षर वाकडं जाईल, ते चार लोकांत बोलतील आणि बावन्न वर्षांची अब्रू एका वाटीपायी जाईल. त्याआधी त्यांनी स्वतःहून उठावं, एवढंच मला हवं होतं.

“उठा आता,” मी म्हटलं. “डॉक्टर तुमच्यासाठी थांबून नाही राहणार.”

“चाल, चाल. आलोच.” ते चपला शोधायला वाकले, आणि तेवढ्यात पायरीवर दोन जड पिशव्या खणकन टेकल्या.

पस्तिशीची एक बाई होती. सुती कुर्ता, चेहरा उन्हाने लाल, घामाने डबडबलेली. बसायच्या आधीच तिने विचारलं, “काकाजी, भांड्यांवरचं नाव काढून मिळतं का?”

बाबांनी चपला सोडल्या. “नाव काढायचं काम माझं नाही, बेटा. मी नाव टाकतो. नाव तं लेकरं काढतात, मायबापाचं.”

हा बाबांचा ठरलेला विनोद. भांडे ओळीत तो ऐकला नाही असा माणूस नसेल. ती मात्र हसली नाही.

“ते काही मला जमलं नाही,” ती म्हणाली.

बाबांचा चेहरा पडला. त्यांनी फरशीवर हात फिरवून तिला बसायला जागा केली आणि मला म्हणाले, “पाणी दे वं यायले.” मी घड्याळाकडे पाहिलं आणि पाणी दिलं.

तिने पिशवीतून एक ताट काढून बाबांच्या मांडीवर ठेवलं. काठाजवळ दोन ओळी होत्या. ‘सौ. अदिती पुष्कर सबनीस’ आणि खाली ‘मधुकररावांकडून सप्रेम’.

बाबांनी चष्मा लावला. “अक्षर तं माझंच होय.”

“हो. आठ वर्षं झाली. लग्नाच्या आधी आईने तुमच्याकडूनच टाकून घेतलं होतं.” ती पदरी पडलेलं काम उरकावं तसं भरभर बोलत होती. “गेल्या महिन्यात आमचे कागद झाले. कोर्टातले. पुण्याचं घर सोडलं, इथे हुडकेश्वरला दोन खोल्या घेतल्या. तिथलं बाकी काही आणलं नाही, फक्त ही अकरा भांडी आणली. आईची आहेत, टाकून देववत नाहीत. आणि ताट समोर घेतलं की ते नाव... काकाजी, खरं सांगते, घास उतरत नाही. दहा दिवस झाले, मी वर्तमानपत्रावर पोळी ठेवून खाते आहे.”

“माय आहे का?”

“नाही. दिवाळीनंतर गेली.”

ऋषी गल्ल्यावरून उठून आला. चांगला पोरगा आहे तो, पण दुकानदार आहे. म्हणाला, “ताई, बफ मारून घासून देऊ. दोन मिनिटांत नाव साफ.”

“नाव साफ होईन,” बाबा म्हणाले, “पण तिथं डाग पडन. मंग यायले रोज तो डाग दिसन. पुसलेलं नाव जास्त वाचल्या जाते, ऋषी.”

आता मला राहवलं नाही. साडेअकरा झाले होते. “ताई, मी एक सांगू? ही मोडीत द्या आणि नवीन घ्या. ऋषीभाऊ भाव बरोबर लावून देतील. कशाला त्या आठवणी...”

“प्रीती, चूप बस!”

बाबा माझ्यावर ओरडत नाहीत. लहानपणी शाळा बुडवली तेव्हाही ओरडले नव्हते. मी गप्प बसले. मनातून मात्र चांगलीच फुगले होते, ते लपवत नाही.

बाबांनी ते ताट दोन्ही हातांत धरलं. थोडा वेळ त्यांच्या थरथरत्या हातांत त्याची कड हलत राहिली. मग ते तिला म्हणाले, “दुसऱ्याच्या नावात जेवणं कसं असते, मले मालूम आहे, बेटा. मी लहानपणी वामनरावाच्या ताटात जेवत होतो.”

“कोण वामनराव?”

“आता ते मी कुठून सांगू? कोणी तरी असन बिचारा. आमच्या मायनं ते ताट मोडीच्या दुकानातून आणलं होतं. नवीन घ्यायची ऐपत नव्हती. त्याच्यावर मोठं ‘वामनराव’ टाकलेलं. मी पाचवीत होतो. शाळेचं वनभोजन होतं, ज्यानं त्यानं आपलं ताट आणायचं. मास्तरनं माझं ताट पाहिलं न् म्हणे, कोणाचं उचलून आणलं रे? मी म्हणलं, माझंच होय. म्हणे, तुझं नाव वामनराव आहे का? सारे पोट्टे हासले. मले झाडाखाली उभं केलं न् कोणाले तरी मायले बोलवाले पाठवलं.”

ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. माझ्या आजीला, अंजनाबाईला, मी पाहिलं होतं. काटकुळी होती. गिरणीत धागे जोडायचं काम करायची आणि कोणाच्या बापाला भ्यायची नाही.

“आली मग?” अदितीने विचारलं.

“आली तं! कापूस डोक्याले लागलेला, तशीच आली. मास्तरच्या पुढं उभी राहून म्हणे, मास्तर, ताटाचं नाव वामनराव हाय, पोराचं नाव प्रेमानंद हाय. तुमाले शिकवाचं कोनाले हाय?”

ऋषी हसला. अदितीही हसली, डोळे भरले होते तरी. मला अभिमान असा दाटून आला, की मी उगाच पिशवीतली भांडी नीट लावायला घेतली.

“माहा बाप, धोंडबा,” बाबा पुढे म्हणाले, “कळमेश्वरकडच्या खेड्यातला. लहानपणी त्याले गावात कोणी पाण्याचा गडवा हाती देत नव्हतं. दोन हात वरून पाणी सोडत, तो ओंजळीनं पिये. माह्या मायच्या हाती ताट आलं, पण नाव दुसऱ्याचं. न् माह्यापुढं पाहा, साऱ्या नागपूरच्या बाया आपलं भांडं आणून देतात, म्हणतात काकाजी, तुमच्या हातानं टाका. अजून काय पाहिजे माणसाले?” ते थांबले. चष्म्याच्या काचा शर्टाला पुसल्या. “म्हणून माह्या घरी मी नाव नाही टाकलं. माह्या घरी कोणी जेवाले बसलं, तं त्याले वाटलं पाहिजे का हे ताट आपलंच होय. ते लेकरू झाडाखाली उभं नाही राहिलं पाहिजे.”

लग्नात रडून घर डोक्यावर घेतलेली मी. सत्तावीस वर्षं जाऊ द्या, पण त्यांनी तरी एकदा सांगायचं होतं! नाही सांगितलं. माझी मलाच लाज वाटली आणि त्यांचा रागही आला. दोन्ही एकदमच.

“मग माझ्या ताटांचं काय करायचं, काकाजी?”

“नाव काढत नाही. झाकतो.” बाबांनी मशीन हाती घेतलं. “पाह्य तू.”

त्यांनी ‘सौ.’पासून सुरुवात केली. आधी एक बारीक देठ काढला, त्यावर पान, पानाच्या आत शिरा. ‘सौ.’ पानाखाली गेलं. ‘अदिती’ तसंच ठेवून वेल वरून वळवली आणि ‘पुष्कर’वर उतरवली, तिथे कळ्या आल्या. ‘सबनीस’च्या सगळ्या काना-मात्रांची पानं झाली. मी श्वास धरून त्यांच्या हाताकडे पाहत होते. हात थरथरत होता, पण बिघडत काही नव्हतं. त्यांच्याही ते लक्षात आलं असावं, कारण ते मध्येच माझ्याकडे पाहून म्हणाले, “पान थोडं हाललं तं चालते वं. पानच होय ते.”

ताट झालं. वेलीच्या मधोमध ‘अदिती’ आणि खाली ‘मधुकररावांकडून सप्रेम’. अदितीने ते उन्हात धरलं, वाकडं करून पाहिलं, जवळ नेऊन पाहिलं. जुनं नाव सापडत नव्हतं.

“झालं का आता? उतरन घास?”

तिने नुसती मान हलवली आणि दुसरं ताट पुढे केलं.

बारा वाजले, एक वाजला. दवाखान्यातून फोन आला, तो मी कापला. वाट्या झाल्या, परात झाली, डबे झाले. ऋषीने चहा मागवला. काम करता करता बाबा तिला प्रश्न विचारत होते, आणि आल्याआल्या जिची भाषा पुण्याच्या पाण्यात धुतल्यासारखी वाटत होती ती पोरगी हळूहळू नागपूरला परत येत होती. सासूबाईंना पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, दूध कोणत्या गंजात तापवू? त्या म्हणाल्या, आमच्याकडे दूध पातेल्यात तापवतात, गंज लोखंडाला चढतो. तेव्हापासून आठ वर्षं तिने तो शब्द तोंडातून काढला नव्हता. “म्हणजे मी भांडंही नेलं न् त्याचं नावही गिळून टाकलं,” ती म्हणाली, आणि आम्ही चौघंही मोठ्याने हसलो.

“माय राहत कुठं होती?” बाबांनी विचारलं.

“धरमपेठेत. कांता नाव. फॉल-पिको करायची घरी.”

बाबांनी मशीन थांबवलं. “डाव्या हातात छत्री राहे का तिच्या? उन्हाळ्यातही?”

“हो!”

“हौ, आठवली. दर महिन्याले एक भांडं नेणारी बाई. एक वाटी, एक ताट, जसं जमन तसं. दोन वर्षं नेत होती. मंग एक दिवस सारे घेऊन आली, म्हणे आता नावं टाका, पोरीचं जमलं. मी म्हणलं, बाई, भांडे तं तुम्ही घेतले, तुमच्या कष्टाचे होय, मंग कांताबाईंकडून टाकतो. तं म्हणे, नाही जी, यायचंच टाका. दोघायचं टाकलं तं अक्षरं वाढतात.”

आमच्या धंद्यात पैसे अक्षरावर लागतात, तेव्हाही आणि आताही. ऋषी खाली पाहायला लागला.

“माझ्या बाबांना, मधुकररावांना, तर माहीतही नव्हतं,” अदिती म्हणाली. “लग्नात ताटं पाहून तेच विचारत होते, हे मी कधी घेतले गा?”

मग पिशवीत राहिलेलं शेवटचं भांडं तिने काढलं. तो गंज होता, दूध तापवायचा, चांगला जाड बुडाचा. तेवढा एक कोराच राहिला होता. बाकीच्यांवर नावं टाकून झाल्यावर, लग्नाच्या गडबडीत, तिच्या आईने तो घेतला होता.

“यावर आईचं नाव टाका,” ती म्हणाली. “कांता. माझं नाही, बाबांचं नाही. नुसतं कांता.”

पानं हलली तर चालतात, अक्षर हललेलं चालत नाही. दोन तास सलग बसून बाबांचा हात आता दिसेल इतका थरथरत होता. ऋषीनेही ते पाहिलं. तो हळूच म्हणाला, “ताई, हे एक आपण लेझरवर करू. पाहिजे ते अक्षर निवडा, छापल्यासारखं येईल.” बाबांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. त्या नजरेत विचारणं होतं. आजवर त्यांनी मला कामाचं काही विचारलं नव्हतं. मला ‘राहू द्या’ म्हणायचं होतं, त्यासाठीच तर आले होते. पण ते काही माझ्या तोंडातून निघालं नाही.

“काकाजींच्याच हाताने,” अदिती म्हणाली.

बाबांनी गंज गुडघ्यांत धरला. डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं. ‘क’चा देठ वाकडा आला. काना बाहेर तिरपा गेला. ‘त’पाशी सुई घसरली आणि एक बारीक रेघ उगाच खाली ओढली गेली. अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर बसायच्या ऐवजी शेजारी पडला. मशीनचा आवाज बंद झाला. गंजावर जे उमटलं होतं ते माझ्या बापाचं अक्षर नव्हतं.

बाबा त्याकडे पाहत राहिले. कानांपर्यंत लाल झाले होते. “बिघडलं, बेटा,” ते म्हणाले. “माफ करजो. तुह्या मायचं नाव बिघडवलं मी. ऋषी, याले बफ मार, न् नवीन मशीनवर...”

अदितीने गंज त्यांच्या गुडघ्यांतून ओढूनच घेतला. त्या चार वाकड्या रेघांवरून तिने बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा एकदा. तिचे ओठ कापायला लागले.

“आईले मागच्या वर्षी लकवा मारला होता, काकाजी,” ती म्हणाली. “पैसे काढाले बँकेत तिची सही लागत होती. रोज वहीत बसून गिरवायची, अशीच. असाच ‘क’ वाकडा जाय, अशीच रेघ खाली उतरे. मी सुट्टी काढून घेऊन गेली तिले. तीन वेळा गेलो आम्ही. काउंटरवरचा प्रत्येक वेळी म्हणे, सही जुळत नाही. शेवटपर्यंत नाही जुळली.” तिने कुर्त्याच्या बाहीने डोळे पुसले आणि गंज बाबांपुढे धरला. “पाहा ना तुम्ही. जुळून राहिली.”

बाबांनी पाहिलं. मीही पाहिलं. बाबांनी फुंकर मारून स्टीलचा बारीक चुरा उडवला आणि दोन्ही हातांनी गंज तिला दिला.

ऋषीने बाकीची दहा भांडी कागदात गुंडाळून पिशव्यांत भरली. त्याने गंजासाठीही हात पुढे केला, पण तिने दिला नाही. दोन्ही पिशव्या एका हातात घेतल्या आणि गंज कमरेवर ठेवून ती भांडे ओळीतल्या गर्दीतून निघाली, नाव बाहेरच्या बाजूला करून.